मदत हवी आहे: रोपांच्या ट्रेखाली १२ व्होल्टची हीटिंग प्लेट. तार किती लांब, फ्यूज कोणता, कटऑफ (जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच) कुठे?

बी उगवायच्या ट्रेला खालून ऊब द्यायची आहे. ट्रे ६० × ३० सेमी आहे आणि मातीचे तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस राहायला हवे. ट्रेमधून पाणी झिरपते, त्यामुळे मेन्सवर चालणारी कुठलीही वस्तू तिच्याजवळ नको, म्हणून १२ व्होल्ट डीसी.

सामान हे आहे: १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (मेन्सवरून डीसी देणारा वीजपुरवठा), ०.४ मिमीची नायक्रोम तार (निकेल-क्रोमियम ८०/२०), डब्ल्यू१२०९ थर्मोस्टॅट बोर्ड, ३ अँपिअरचे काचेचे फ्यूज आणि १ मिमी जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा.

हिशेब असा केला आहे. दर चौरस मीटरला १५० वॅट धरले तर ०.१८ चौ. मी.साठी २७ वॅट लागतात. १२ व्होल्टवर म्हणजे २.२५ अँपिअर, आणि रेझिस्टन्स ५.३३ ओहम. ०.४ मिमी नायक्रोमचा रेझिस्टन्स मीटरला सुमारे ८.७ ओहम, त्यामुळे तार ६१ सेमी पुरते. प्लायवुडवर थर्मोकोल, त्यावर ही तार नागमोडी चिकटवायची, वर पत्रा आणि पत्र्यावर ट्रे.

शंका तीन आहेत. एवढीशी तार एवढ्या मोठ्या ट्रेला पुरेल का? नायक्रोमला सोल्डर धरत नाही, मग जोड कसा द्यायचा? आणि थर्मोस्टॅटचा रिले आतल्या आत चिकटला तर ट्रेचे काय होईल?

प्रतिसाद १

ओहमचा नियम तुम्ही बरोबर लावला आहे आणि २७ वॅट हा आकडाही योग्य आहे. पण ही मांडणी कृपया अशीच जोडू नका. अडचण वॅटची नाही, ते वॅट किती पृष्ठभागातून बाहेर पडतात याची आहे.

०.४ मिमी जाड आणि ६१ सेमी लांब तारेचा पृष्ठभाग जेमतेम ७.७ चौ. सेमी भरतो. त्यातून २७ वॅट म्हणजे दर चौ. सेमीला साडेतीन वॅट. मोकळ्या हवेतसुद्धा ही तार ४०० अंशांच्या आसपास जाईल. लाल दिसणार नाही, त्यामुळे डोळ्यांना काही कळणार नाही, पण थर्मोकोल १०० अंशांच्या आतच मऊ पडून आकसायला लागतो. तो वितळून मागे सरला की तारेखाली पोकळी होते, तिथली उष्णता पत्र्यापर्यंत पोचत नाही आणि तार आणखी तापते. खाली प्लायवुड आहेच. १२ व्होल्टचा झटका बसत नाही एवढेच. आग लागायला १२ व्होल्ट भरपूर झाले.

उपाय सोपा आहे. एकूण रेझिस्टन्स ५.३३ ओहमच ठेवा, पण तो समांतर शाखांमधून मिळवा. चार शाखा केल्या तर प्रत्येक शाखा २१.३ ओहमची हवी, म्हणजे प्रत्येकी २.४५ मीटर तार. एकूण तार ९.८ मीटर. शाखा चौपट, प्रत्येकीची लांबीही चौपट, म्हणून पृष्ठभाग सोळापट झाला. वॅट तेवढेच राहिले, पण दर चौ. सेमीला ३.५ऐवजी सुमारे ०.२२ वॅट. पत्र्याला टेकलेली अशी तार हाताला फक्त कोमट लागते.

मांडणीही नीट बसते. प्रत्येक शाखेचे ६० सेमीच्या दिशेने चार फेरे, चार शाखांचे मिळून सोळा. ३० सेमी रुंदीत दोन ओळींमधले अंतर साधारण १.९ सेमी येते. फेरे सम संख्येत असल्याने प्रत्येक शाखेची दोन्ही टोके एकाच कडेला निघतात आणि सगळे जोड एका बाजूला, पाण्यापासून लांब ठेवता येतात. वळणावर तार पक्कडीने काटकोनात मोडू नका, पेन्सिलीभोवती वळवा. मुरगळलेल्या जागी तार आतून चिरते, आणि बारीक झालेला तेवढाच तुकडा जास्त तापतो.

प्रतिसाद २

वरचा हिशेब अचूक आहे. जोडांबद्दल लिहितो, कारण घरी केलेले हीटर बहुतेक वेळा तारेत नाही, जोडात जळतात.

नायक्रोमवर क्रोमियम ऑक्साइडची पातळ साय असते. नेहमीच्या राळेच्या फ्लक्सने ती निघत नाही, म्हणून सोल्डर गोळी होऊन घरंगळते. वरून धरल्यासारखे वाटले तरी आत पकड नसते. इथे दाबाचाच जोड हवा: पितळी स्क्रूची कनेक्टर पट्टी, किंवा क्रिम्प केलेला (पक्कडीने दाबून बसवलेला) रिंग लग आणि एम४ नटबोल्ट. नट सैल पडू नये म्हणून त्याखाली स्प्रिंग वॉशर घाला. ०.४ मिमीची एकेरी तार स्क्रूखाली नीट दबत नाही, बाजूला सरकते. शेवटचे ५ सेमी दुमडून दुहेरी करा आणि पीळ द्या. याचा दुसरा फायदा असा की करंट दोन पदरांत वाटला जातो आणि प्रत्येक पदरात उष्णता एक चतुर्थांशच होते. जोडाची जागा त्यामुळे थंड राहते. दुहेरी केलेली लांबी २.४५ मीटरमध्ये धरायची नाही, ती वेगळी सोडा.

सैल जोडाने काय होते ते आकड्यात पाहा. मुख्य वायरच्या जोडात अर्धा ओहम रेझिस्टन्स आला तर २.२५ अँपिअरला तिथे अडीच वॅट उष्णता एका ठिपक्यात साठते. प्लॅस्टिकची पट्टी तेवढ्याने मऊ पडते, स्क्रूची पकड आणखी सैल होते, रेझिस्टन्स आणखी वाढतो. फ्यूजला यातले काहीच समजत नाही, कारण करंट उलट थोडा कमी झालेला असतो. पहिल्या दिवशी तासभर चालवून, बंद करून, सगळे स्क्रू पुन्हा आवळा. मुख्य वायर ०.७५ चौ. मिमीची तांब्याची पुरते.

ओल आहे म्हणता, तर उघडी तार चालणार नाही. ओल्या जागी डीसीवर उघड्या धातूचे विद्युतविघटन होते आणि धन बाजू हळूहळू खाल्ली जाते. प्रत्येक शाखा पीटीएफईच्या (टेफ्लॉनच्या) बारीक नळीतून ओवून घ्या (आतला व्यास १ मिमी). ही नळी २६० अंशांपर्यंत टिकते आणि इथे तापमान त्याच्या जवळपासही जात नाही. ग्लासफायबरची स्लीव्ह उष्णतेला उत्तम, पण पाणी शोषते, इथे नको. नळीची टोके न्यूट्रल क्युअर सिलिकॉनने बंद करा. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सुकताना अॅसेटिक आम्ल सोडते आणि शेजारचे तांबे हिरवे पडते. काळी पीव्हीसी टेप कुठेही नको. उबेने तिचा गोंद पातळ होतो आणि काही आठवड्यांत ती सुटते.

थर खालून वर असे: ६ मिमी सिमेंट बोर्ड, त्यावर नळीतली तार कॅप्टॉन टेपच्या (उष्णता सोसणाऱ्या टेपच्या) पट्ट्यांनी दर १० सेमीवर बसवलेली, मग पत्रा. थर्मोकोल ठेवायचाच असेल तर सिमेंट बोर्डाच्या खाली. पत्र्याच्या कडा कानशीने घासून घ्या, नाहीतर जिथे तारा बाहेर येतात तिथे नळी कापली जाते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. चार शाखांची रचना पक्की करतो. एक अडचण आहे. आणखी तार मागवली तर तिच्या रिळावर फक्त "२८ गेज" लिहिले आहे, मिमी नाही. आणि फ्यूज ३ अँपिअरचा बरोबर आहे ना? एखाद्या शाखेत मध्येच शॉर्ट झाला तर तो उडेल, असे मी धरून चाललो आहे.

प्रतिसाद १

आधी गेज. २८ एसडब्ल्यूजी (ब्रिटिश गेज) म्हणजे ०.३७६ मिमी, २८ एडब्ल्यूजी (अमेरिकन गेज) म्हणजे ०.३२१ मिमी. लेबलवर विसंबू नका, बरोबर एक मीटर तार ताणून मल्टिमीटर लावा. ९.८ ओहमच्या आसपास आले तर एसडब्ल्यूजी, १३.४च्या आसपास आले तर एडब्ल्यूजी. आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून काय दिसते ते पाहा (०.२ ते ०.५ ओहम असते) आणि तेवढे वजा करा. नायक्रोमचा रेझिस्टन्स तापल्यावर फारच थोडा बदलतो, म्हणून गार असताना मोजलेला आकडा इथे चालतो.

९.८ असेल तर शाखा २.१७ मीटरची होईल, चार फेरे थोडे आखूड बसतील. १३.४ असेल तर चार शाखांत तार फारच तोकडी पडते. मग सहा शाखा करा, प्रत्येकी ३२ ओहम, म्हणजे २.३९ मीटर. फेरे चोवीस आणि ओळींमधले अंतर सव्वा सेंटीमीटर. जाड आणि बारीक तारेच्या शाखा एकाच प्लेटमध्ये मिसळू नका. हिशेब जुळवता येतो, पण पुढे दुरुस्ती करताना कोणती कोणती ते कळत नाही.

आता फ्यूज, आणि हे नीट वाचा. ३ अँपिअरचा फ्यूज ठेवायचाच, पण तो तुम्ही म्हणता त्या प्रसंगी उडणार नाही. समजा एका शाखेत बरोबर मध्यावर शॉर्ट होऊन अर्धी तार वगळली गेली. तिचा रेझिस्टन्स निम्मा, करंट ०.५६वरून १.१२ अँपिअर. एकूण करंट झाला २.८१. फ्यूज शांत बसतो, आणि उरलेल्या अर्ध्या शाखेत मीटरमागे चौपट उष्णता होत राहते. २.७ऐवजी ११ वॅट. प्रत्येक शाखेला वेगळा फ्यूज लावला तरी फारसा उपयोग नाही. काचेचा फ्यूज त्याच्या आकड्याच्या दीडपट करंटला तासभरही तग धरू शकतो. फ्यूज असतो तो पुरवठ्याच्या वायरीत थेट शॉर्ट झाला तर. तारेच्या तापण्यावर लक्ष ठेवायला तापमानच ओळखणारे काहीतरी हवे.

पत्रा १ मिमीचा घेतलात ते इथे कामी येते. गरम पट्ट्याची उष्णता तो आजूबाजूला पसरवतो. स्वयंपाकघरातली पातळ फॉइल इथे पुरत नाही.

पत्रा पुरवठ्याच्या ऋण टोकाला जोडून ठेवा. तो अधांतरी असेल तर तार एका ठिकाणी पत्र्याला टेकलेली कळतच नाही, दुसऱ्या ठिकाणी टेकली की एकदम शॉर्ट होतो. ऋणाला जोडलेला असेल तर धन टोकाजवळचा पहिलाच स्पर्श फ्यूज उडवतो. मात्र स्पर्श तारेच्या मध्यावर झाला तर वर सांगितलेलीच अवस्था येते, तेव्हा याने कटऑफची गरज टळत नाही.

प्रतिसाद ३

थर्मोस्टॅट आणि कटऑफबद्दल.

रिले चिकटला तर काय होईल, याचे उत्तर तुमच्या १५० वॅट प्रति चौ. मी. या आकड्यातच आहे. वरच्या बाजूने मोकळी हवा असेल तर पत्रा सभोवतालपेक्षा साधारण १५ अंश वर जाऊन थांबतो. खोली २० अंश असेल तर ३५, ३० असेल तर ४५. रोपे सुकतील, पण पेट घेणार नाही. हीच खरी सुरक्षितता, बाकी सगळी उपकरणे हिच्यानंतर. म्हणून "लवकर तापावे" म्हणून ६० वॅट करायचा मोह टाळा. त्या एसएमपीएसला ५ अँपिअर सलग ओढायलाही लावू नये, ४च्या आत राहा.

ही सुरक्षितता कधी जाते, तर वरून उष्णता निघायची वाट बंद झाली की. ट्रेवर गोणपाट टाकले, पत्र्यावर रिकामी पोती रचली, थर्मोकोलचे झाकण चुकून थेट पत्र्यावर ठेवले. त्यासाठी कटऑफ दोन, दोन्ही धन वायरीत एकामागोमाग. पहिला ५५ अंशांचा बायमेटल स्विच (केएसडी ९७००, नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे गार असताना जुळलेला), गार झाल्यावर आपोआप जुळणारा. दुसरा ७७ अंशांचा थर्मल फ्यूज, एकदा गेला की गेला. दोन्ही पत्र्याच्या खालच्या बाजूला, मध्यभागी, दोन ओळींच्या बरोबर मधे कॅप्टॉनने घट्ट बसवा. हवेत लोंबकळणारा कटऑफ म्हणजे नसलेला कटऑफ. केएसडीचे धातूचे कवच आतून एका टोकाला जोडलेले असू शकते, म्हणून पत्र्याला टेकवण्याआधी कॅप्टॉनचा एक थर द्या. त्यावर छापलेला करंट बहुधा एसीचा असतो. घेताना डीसीचा आकडाही पाहा. थर्मल फ्यूजला सोल्डर करू नका, सोल्डरिंग आयर्नच्या उष्णतेने तो तिथेच उडतो. क्रिम्प करा.

वायरिंगचा क्रम: एसएमपीएसचा धन, लगेच ३ अँपिअरचा फ्यूज, बायमेटल, थर्मल फ्यूज, डब्ल्यू१२०९चा के० पेच, के१ पेचातून चारही शाखांची धन पट्टी. शाखांची दुसरी टोके ऋण पट्टीला. बोर्डाचा स्वतःचा पुरवठा फ्यूजनंतर, पण कटऑफच्या आधी घ्या, म्हणजे कटऑफ उघडला तरी आकडा दिसत राहील. के० आणि के१ हे नुसते रिलेचे कोरडे संपर्क आहेत, त्यातून आपोआप १२ व्होल्ट निघत नाहीत. पुष्कळ जण इथेच अडकतात. पी० मध्ये एच (गरम करणे) निवडा. सी राहिले तर बोर्ड उलटा वागतो, तापमान वाढल्यावर हीटर लावतो.

सेन्सर मातीत खुपसू नका. माती तापायला तास-दीड तास घेते, तोवर पत्रा बराच पुढे गेलेला असतो. शिवाय ट्रे उचलला की सेन्सर बाहेर येतो, त्याला गार हवा लागते आणि हीटर सतत चालू राहतो. रिले चिकटण्यापेक्षा हे फार जास्त वेळा घडते. सेन्सर पत्र्याला पक्का बांधा, पत्र्याचे तापमान ३२वर लावा आणि साध्या थर्मामीटरने मातीत काय येते ते पाहून एक-एक अंश वर-खाली करा. सेन्सरची पिन उपसूनही एकदा पाहा. त्या वेळी रिले बंदच राहिला पाहिजे. राहिला नाही तर तो बोर्ड वापरू नका.

प्रतिसाद ४

नायक्रोमलाच अडून बसायचे नसेल तर एक पर्याय सुचवतो. ०.२ मिमीची इनॅमल चढवलेली तांब्याची तार मीटरला सुमारे ०.५५ ओहम देते. ५.३३ ओहमला ९.७ मीटर लागते, म्हणजे समांतर शाखा न करता एकाच तारेत हीच प्लेट होते. तांब्याला सोल्डर छान धरते. शिवाय तापमान १० अंशांनी वाढले की रेझिस्टन्स जवळजवळ ४ टक्के वाढतो, म्हणजे तापेल तसा करंट आपोआप थोडा उतरतो.

प्रतिसाद २

कोरड्या जागी हा पर्याय चांगला आहे. ओल्या ट्रेखाली मी तो सुचवणार नाही. इनॅमलचा थर केसाहून पातळ असतो, पत्र्यावर घासून निघतो, आणि डीसी असल्याने उघडे पडलेले तांबे ओलाव्यात भराभर झिजते. ०.२ मिमी तार झिजायला वेळ लागत नाही, आणि तुटण्याआधी ती बारीक होऊन त्या एका जागी तापते.

तार नळीत ओवायचा कंटाळा असेल तर सिलिकॉनचे आवरण असलेली १२के कार्बन फायबर हीटिंग केबल घ्या. ती मीटरला ३३ ओहमची असते. एक-एक मीटरचे सहा तुकडे समांतर जोडले की १२ व्होल्टवर २६ वॅट मिळतात. फायबरला सोल्डर लागत नाही, क्रिम्पच करावे लागते. क्रिम्प करताना तंतू तुटू नयेत म्हणून टोक मागे दुमडून तांब्याच्या स्लीव्हमध्ये घाला. सहा मीटरच्या ओळी जरा विरळ, तीन सेमीवर पडतील, त्यामुळे पत्रा हवाच.

प्रश्नकर्ता

तार मोजली, ९.८ ओहम आली, म्हणजे एसडब्ल्यूजी. पूर्ण प्लेट त्याच रिळाची करतो. शेवटचे दोन प्रश्न. चाचणी कशी घ्यायची? आणि वीज गेल्यावर १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीवर चालेल का?

प्रतिसाद ३

पुरवठा जोडण्याआधी मल्टिमीटरने चारही शाखा वेगवेगळ्या मोजा. सगळ्या २१ ते २२ ओहममध्ये हव्यात. मग पत्रा ऋणाला जोडण्याआधी पत्रा आणि तार यांच्यात मोजा, तिथे काहीच जोड दिसता कामा नये. पत्र्यावर ओले फडके फिरवून पुन्हा मोजा.

पहिली चाचणी फरशीवर किंवा विटांवर घ्या, लाकडावर नाही. शक्य असेल तर आधी ६ व्होल्टवर. दाब निम्मा म्हणजे वॅट एक चतुर्थांश, पावणेसात. दहा मिनिटांनी सगळ्या पत्र्यावरून तळहात फिरवा, एखादा ठिपका वेगळा गरम लागला तर तिथे तार दबली आहे किंवा दोन ओळी जवळ आल्या आहेत. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत अॅल्युमिनियमवर खोटे, बरेच कमी तापमान दाखवतो. पत्र्यावर कागदी टेपचे तुकडे चिकटवा आणि त्यांच्यावर नेम धरा.

त्यानंतर १२ व्होल्टवर तासभर. मग मुद्दाम वाईटात वाईट प्रसंग: के० आणि के१ तारेने जोडून थर्मोस्टॅट बाद करा, पत्र्यावर जाड घोंगडी टाका आणि शेजारी बसून पाहा. जागचे उठू नका. बायमेटल उघडला पाहिजे आणि करंट शून्यावर आला पाहिजे. पत्रा ६५च्या पुढे गेला आणि तरी करंट चालूच असेल तर कटऑफ नीट टेकलेला नाही, पुरवठा काढा आणि बसवणी सुधारा. चाचणीनंतर ती जोडतार काढली का ते दोनदा तपासा.

एसएमपीएस ट्रेच्या वरच्या पातळीला, भिंतीवर, आणि वायर खाली झोल देऊन मग ट्रेकडे न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोलाशी गळून पडते. एसएमपीएस आयसोलेटेडच हवा (बाहेर पडणारी वीज मेन्सपासून वेगळी ठेवणारा), अर्थिंग जोडलेले, आणि मेन्सच्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच). ट्रान्सफॉर्मर नसलेला, कपॅसिटरने दाब उतरवणारा पुरवठा "१२ व्होल्ट" दाखवत असला तरी त्याच्या दोन्ही वायरी मेन्सशी जोडलेल्याच असतात.

प्रतिसाद १

बॅटरीवर चालेल, पण थोडा वेळ. निम्मी रिकामी होईपर्यंतच वापरायची म्हटले तर साडेतीन अँपिअर-तास, म्हणजे सलग दीड तास. थर्मोस्टॅट मधे मधे बंद करत असेल तर जास्त. ट्रेवर झाकण ठेवलेत तर ओली माती तेवढ्या वेळात फारशी गार होत नाही, त्यामुळे छोट्या खंडांसाठी बॅटरी नसली तरी चालते.

लावायचीच असेल तर दोन गोष्टी. एसएमपीएस शॉर्ट झाल्यावर स्वतःला आवरतो, बॅटरी आवरत नाही. ७ अँपिअर-तासाची लहान बॅटरीही शॉर्टमध्ये वायर लाल करते. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून एका वितीच्या आत हवा, कारण त्याच्या अलीकडच्या वायरला कसलेच संरक्षण नसते. दुसरे, चार्जरवर असताना बॅटरीचा दाब १३.८ असतो. १५ टक्के जास्त दाब म्हणजे ३२ टक्के जास्त वॅट, २७चे जवळपास ३६ होतात. कटऑफची चाचणी याही दाबावर घ्या.

सगळे जुळल्यावर १२ व्होल्टवर येणारा करंट मोजून सिमेंट बोर्डावर पेनाने लिहून ठेवा, २.२५ च्या आसपास असेल. महिन्यातून एकदा पुन्हा मोजा. १.७ दिसला तर एक शाखा तुटली आहे किंवा तिचा जोड सुटला आहे. प्लेट तेव्हाही ऊब देत राहते, म्हणून वरून कळत नाही. २.८ दिसला तर कुठेतरी अर्धी शाखा शॉर्ट आहे. तेव्हा फ्यूज शाबूत असला तरी प्लेट लगेच बंद करा आणि चारही शाखा सोडवून एक-एक मोजा.